रोप हातात असताना

रोप हातात असेल आणि कुणी येऊन सांगितलं की मसीहा आला, तर आधी रोप लावावं आणि मग त्याच्या स्वागताला जावं, असं ज्यू धर्मगुरू रब्बान योहानान बेन जक्काई यांनी शिकवलं. हे निवांत काळातल्या माणसाचं बोलणं नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं, ते योहानानांच्या हयातीत. वेढ्यातल्या शहरातून शिष्यांनी त्यांना शवपेटीत घालून बाहेर काढलं, असं तालमूद हा रब्बींचा ग्रंथ सांगतो. रोमन सेनापतीसमोर उभं राहून त्यांनी मागितलं काय, तर यावने नावाचं लहानसं गाव आणि तिथले विद्वान. एका जगाचा शेवट पाहिलेला माणूस रोपाबद्दल बोलतो आहे.

आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला, ही शिकवण कुणाला फोड करून सांगावी लागणार नाही. कांद्याचं रोप उपटलं की मुळं उघडी पडतात. वाफे भिजवलेले असतात, बायका कामावर आलेल्या असतात, आणि उन्हं चढायच्या आत जमेल तितकं रोप मातीत जायला हवं असतं. मसीहा इतकी शतकं थांबला आहे, तो आणखी एक दुपार थांबेल. रोप थांबणार नाही.

*

पुंडलिकाने हेच केलं. देव दाराशी आला, आणि हातात आईवडिलांची सेवा होती. त्याने वीट पुढे सरकवली आणि सेवा चालू ठेवली.

यावने आणि पंढरपूर यांची कधी गाठ पडल्याचा पुरावा नाही, आणि तो शोधण्याचं कारणही नाही. फरक मात्र मोठा आहे. रोप लावून झाल्यावर योहानानांचा शिष्य येणाऱ्याकडे निघतो. पुंडलिकाकडे आलेला मात्र तिथेच उभा राहतो. एका परंपरेत माणूस वाट पाहतो, दुसरीत देव. हातातलं काम आधी, याबद्दल दोघींचं एकमत आहे.

*

मसीहा कधी येणार, शेवट कधी, याचा हिशेब मांडणाऱ्यांना तालमुदात शाप आहे, आणि तो सौम्य नाही. कारणही तिथेच दिलं आहे. ठरवलेली वेळ टळली की लोक म्हणतात, आता तो येणारच नाही. खोटी तारीख एकदाच खोटी ठरते, पण जाताना ती आशा सोबत घेऊन जाते.

हा शाप अनुभवातून आलेला आहे. इ.स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केलं, तेव्हा रब्बी अकिवांसारख्या थोर पुरुषाने त्याला मसीहा म्हटलं. योहानान बेन तोर्ता नावाच्या रब्बींनी त्यांना तोंडावर सुनावलं की तुझ्या गालांवर गवत उगवेल आणि तरीही दाविदाचा पुत्र आलेला नसेल. बंड बेतार इथे रक्तात बुडालं. अकिवांना रोमनांनी हालहाल करून मारलं. रब्बींनी नंतर काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं: अकिवांना त्यांनी गाळलं नाही, आणि बेन तोर्तांचं बोलणंही पुसलं नाही. चुकलेली आशा आणि तिला दिलेला इशारा, दोन्ही शेजारी शेजारी जपून ठेवले.

दीड हजार वर्षांनी, १६६५-६६ मध्ये, मसीहा म्हणवणाऱ्या शब्बताई झवीच्या नावाने युरोपापासून येमेनपर्यंतचे ज्यू हलले. कित्येकांनी घरदार विकलं. १६६६ च्या सप्टेंबरात सुलतानापुढे त्याने धर्म बदलला.

आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून जग बुडणार होतं. ठिकठिकाणी यज्ञ झाले. ग्रह एकत्र आले आणि पांगले. हसण्यासारखं त्यात काही नाही. भीती खरी होती, फक्त तिला तारीख चुकीची दिलेली होती.

*

तीन गोष्टी लक्ष नसताना येतात, असं तालमूद म्हणतो: मसीहा, वाटेत सापडलेली वस्तू आणि विंचू.

बांधावरचा दगड उचलणाऱ्याला तिसरी ठाऊक आहे.

*

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका लागल्या, अशी बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाची आपल्या उगमाची कथा आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं आली: दिवेकर, पेणकर, अष्टमकर, किहीमकर. ग्रंथ हाताशी नव्हते, तिथ्या होत्या. त्यांतली एक आव महिन्याची नववी, जेरुसलेमचं मंदिर पडलं तो दिवस. कोकणात तिचं नाव बिरड्याचा सण. बिरडं शिजवायचं, तिथी पाळायची. हजारो कोसांवर पडलेल्या मंदिराचं सुतक एका कडधान्याच्या आधाराने टिकलं.

याच तिथीबद्दल जेरुसलेमच्या तालमुदात एक गोष्ट आहे. एक ज्यू शेतकरी नांगर हाकत होता. बैल हंबरला. वाटेने जाणाऱ्या एका अरबाला जनावरांची भाषा कळत होती. तो म्हणाला, बैल सोड, नांगर उतरव, तुमचं मंदिर पडलं. बैल पुन्हा हंबरला. अरब म्हणाला, बैल जुंप, नांगर बांध, तुमचा मसीहा जन्मला. कुठे, असं शेतकऱ्याने विचारलं. यहूदातल्या बेथलेहेमात, आणि नाव मेनाहेम. मग शेतकऱ्याने बैल विकला, नांगर विकला, आणि तान्ह्या बाळांची बाळोती विकत गावोगाव फिरू लागला, ते बाळ शोधत.

जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. जनावराच्या तोंडून मोठी गोष्ट ऐकायची या मुलखाला सवय आहे, म्हणून बैलाची ही कथा इथे परकी वाटत नाही. मला तिच्यात दोन हंबरण्यांमधलं अंतर दिसतं. ते एका दमाइतकंच आहे. नाश आणि जन्म एकाच दिवशी, एकाच बैलाच्या गळ्यातून. आणि ही बातमी सांगणारा परका. आपल्या मुक्तीची खबर आपल्याच माणसाकडून येईल असं रब्बींनी धरलं नाही.

*

जुन्या रब्बींच्या प्रवचनाला एक दंडक होता: ते दुःखावर संपवायचं नाही. विषय कोणताही असो, शेवटी मुक्तीपाशी, सांत्वनापाशी येऊन थांबायचं. बिरड्याच्या तिथीआधीचे तीन शब्बाथ, म्हणजे शनिवार, धाक घालणाऱ्या संदेष्ट्यांच्या वचनांचे, नंतरचे सात सांत्वनाचे. या दिवसांची प्रवचनं ‘पेसिक्ता दे-रव काहाना’ या जुन्या संग्रहात आहेत. धाकाला तीन आठवडे पुरतात. धीर द्यायला सात लागतात.

प्रवचनाची सुरुवातही शिकण्यासारखी. रब्बी कुठलं तरी दूरचं, त्या दिवसाशी संबंध नसलेलं वचन उचलतो. वळणं घेतो. गोष्टी सांगतो. ऐकणारा मनात म्हणतो, हा आता घरी कसा येणार? आणि तो नेमका त्या दिवशीच्या पाठाच्या पहिल्या ओळीवर येऊन उतरतो. आपल्या कीर्तनाच्या पूर्वरंगात बसलेल्यांना ही उत्कंठा ओळखीची आहे.

म्हणूनच १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी कीर्तन आपलंसं केलं याचं मला नवल वाटत नाही. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत रचली गेली, साकी आणि दिंडीच्या चालींवर गायली गेली. रब्बींच्या व्यासपीठापासून शतकानुशतकं तुटलेल्या समाजाला प्रवचनाचा साचा नारदाच्या गादीवर सापडला.

*

शेवटाआधी एलियाहू संदेष्टा येईल, असं मलाखीच्या ग्रंथात आहे. जगभरच्या ज्यू घरांत पेसाह सणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, तो येणार म्हणून.

कोकणात तो येऊन गेला आहे. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. बेने इस्राएल तिथे जातात आणि मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव. लग्न ठरलं, आजारी माणूस उठून बसला, नोकरी लागली, नवस फेडायचा आहे, तर मलिदा. काळाच्या शेवटाचा दूत या घरांत रोजच्या कामांना येतो. मला हे श्रद्धेचं उणेपण वाटत नाही. ज्याला मुलाच्या तापाला बोलावता येत नाही, त्याला जगाच्या शेवटी बोलावून ओळखणार कसं?

मिश्ना या रब्बींच्या कायदेग्रंथात एलियाहूकडे आणखी एक काम आहे. दोघांनी एकाकडे ठेव ठेवली, एकाने शंभर, दुसऱ्याने दोनशे. आता दोघेही म्हणतात, दोनशे माझे. शंभर-शंभर द्या, उरलेले शंभर एलियाहू येईपर्यंत पडून राहू द्या. न्यायाधीशाने अंदाजाने कुणाचं घेऊन कुणाला द्यायचं नाही. बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या भागात या निवाड्याचं वजन कळेल. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं, आणि ठेव शाबूत ठेवायची.

दुसऱ्या ठिकाणी ऋषींनी म्हटलं आहे की एलियाहू कुणाला जवळ करायला किंवा दूर लोटायला येणार नाही. तो जगात समेट करायला येईल. शिल्लक शंभर कुणाचे, याचं उत्तर तोवर कदाचित कुणाला नकोही असेल.

*

रब्बी येहोशुआ बेन लेवी यांना एलियाहू भेटला. मसीहा कधी येणार, असं त्यांनी विचारलं. त्यालाच विचार, एलियाहू म्हणाला. तो कुठे आहे? रोमच्या वेशीवर, व्याधिग्रस्त भिकाऱ्यांमध्ये. ओळखायचा कसा? बाकीचे सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो एक सोडतो, ती बांधतो, मग दुसरी. बोलावणं आलं तर उशीर होऊ नये म्हणून.

येहोशुआ गेले. कधी येणार, म्हणून विचारलं. उत्तर आलं, आज. तो दिवस मावळला आणि कुणी आलं नाही. एलियाहूने मग उलगडा केला: आज, पण तुम्ही देवाचा शब्द ऐकाल तर.

ज्या साम्राज्याने मंदिर जाळलं त्याच्याच राजधानीच्या दाराशी मसीहा बसवावा, आणि त्याच्या अंगावर जखमा असाव्यात, एवढी हिंमत या गोष्टीत आहे. दुसऱ्याला बरं करणारा स्वतः बरा झालेला नाही. तो फक्त आपल्या पट्ट्या अशा बांधतो की केव्हाही उठता यावं.

*

यशाया संदेष्ट्याच्या दर्शनात शेवटच्या काळी बिबट्या करडाजवळ बसेल.

हे वचन शहरात वाचणं वेगळं आणि आंबेगावात वाचणं वेगळं. घोड नदीवर डिंभे धरण झालं, कालव्यांना पाणी आलं, कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. बिबट्याला जंगल लागतं असं पूर्वी म्हणत. त्याला लपण लागतं, पाणी लागतं आणि खायला कुत्रं-शेळी लागते. उसाने ते सगळं दिलं. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत, उसात जन्मलेल्या आणि जंगल न पाहिलेल्या बिबट्यांच्या पिढ्या आहेत. ऊसतोडीत कोयता थांबतो, कारण सरीत पिल्लं पडलेली असतात. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात, त्याच जागी परत ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाईपर्यंत दूर थांबतात. जखमी आणि पिंजऱ्यात सापडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात आहेत. दुसऱ्या बाजूला माणसंही गेली आहेत, लहान मुलंसुद्धा. वीज रात्रीची येते, म्हणून पाणी भरायला रात्री जावं लागतं. बॅटरी, काठी, आणि कुणीतरी सोबत असलं तर बरं.

दोन रब्बींचा वाद इथे आणून ठेवावासा वाटतो. हिंस्र पशू देशातून नाहीसे करीन, असं देवाचं अभिवचन लेवीय ग्रंथात आहे. रब्बी येहूदा म्हणाले, म्हणजे तो त्यांना जगातून काढून टाकेल. रब्बी शिमोन म्हणाले, नाही, ते राहतील आणि अपाय करणार नाहीत. आणि त्यांनी विचारलं: देवाची थोरवी कशात अधिक? अपाय करणारे नसण्यात, की ते असूनही अपाय न होण्यात? पुरावा म्हणून त्यांनी यशायाचं हेच दर्शन पुढे केलं.

आमच्या तालुक्यांतली प्रत्येक सभा हा वाद घालते. बिबटे उचला, दुसरीकडे सोडा, संपवा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, एक उचलला तर रिकाम्या जागी दुसरा येईल. गोठे बंदिस्त करा, दिवसा वीज द्या, मुलांना एकटं सोडू नका. माझं मन रब्बी शिमोनांकडे आहे. पण ज्या घरातलं मूल गेलं त्या घरात जाऊन मी ते मत मांडणार नाही. रब्बी येहूदांचं मत मिद्राशात, रब्बींच्या त्या भाष्यात, पुसलेलं नाही, आणि ते तिथे का ठेवलं हे अशा घरासमोर उभं राहिल्यावर समजतं.

बाराव्या शतकात मायमोनिदेसांनी या दर्शनाचा अर्थच फिरवला. लांडगा आणि बिबट्या म्हणजे दुष्ट राष्ट्रं, कोकरू म्हणजे इस्राएल. सृष्टीचे नियम बदलणार नाहीत. पंडिताचा हा अर्थ नीटस आहे. पण करडू ज्याच्या गोठ्यात बांधलेलं आहे, त्याला यशायाचा मूळ बिबट्याच हवा आहे, अंगावर ठिपके असलेला.

*

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. विखुरलेले एकत्र येतील, हे शेवटाचं लक्षण प्रार्थनेत शतकानुशतकं होतं. ते तिकिटाच्या आणि सामानाच्या रूपात आलं. तिथे पोचल्यावर त्यांच्या लग्नांवरून प्रश्न उठले, आंदोलन झालं, आणि ते सर्व बाबतींत ज्यू आहेत हे १९६४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं. एकत्र आलेल्यांनाही आपण कोण हे सिद्ध करावं लागलं. आणि त्या देशात त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. एका मायभूमीला पोचल्यावर दुसरीची आठवण जागी झाली. यात विसंगती नाही. माणसाला दोन दिशांना तोंड करून प्रार्थना करता येते.

*

तिसऱ्या शतकात बाबिलोनमध्ये शमुएल नावाचे रब्बी होते. आकाशातल्या वाटा मला नेहार्दिआच्या गल्ल्यांइतक्या ओळखीच्या आहेत, असं ते म्हणत. ग्रहांची गती जाणणाऱ्या या माणसाने शेवटाची तारीख काढली नाही. त्यांनी शेवटाबद्दल जे म्हटलं ते सगळ्यांत कोरडं आहे: हे जग आणि मसीहाचे दिवस यांत परसत्तेच्या जुलमाखेरीज काहीही फरक नाही. सूर्य तसाच उगवेल, पेरलं तर उगवेल, न पेरलं तर नाही. फक्त मानेवरचं परक्याचं जू उतरलेलं असेल.

बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ चा, महाळुंगे पडवळचा. मुंबईत ते गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला ते समोर गेले, आणि ट्रक त्यांच्या अंगावरून नेला गेला. काळबादेवीपासून फार दूर नाही तो सॅम्युएल स्ट्रीट, आणि तिथली १७९६ ची जुनी मशीद, बेने इस्राएलांचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनामंदिर. शमुएलांनी सांगितलेला तो एकच फरक घडावा म्हणून तिथे शब्बाथांमागून शब्बाथ प्रार्थना होत होती. बाबू गेनूंनी तोच फरक एका रस्त्यावर, एका सकाळी, एका ट्रकपुढे मागितला.

शमुएलांच्या मापाने पाहिलं तर १५ ऑगस्ट १९४७ ला आपण तो उंबरा ओलांडला. मला हे खरंच तसं वाटतं, आणि त्यानंतरच्या दिवसांचा कंटाळवाणा साधेपणा हा त्याविरुद्धचा पुरावा वाटत नाही, कारण शमुएलांनी तो आधीच धरला होता. आपल्या मताला त्यांनी जे वचन आधाराला घेतलं, ते राजाचं नाही, युद्धाचं नाही, मंदिराचंही नाही. ते ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातलं आहे. देशातून गरीब संपणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हात उघडा ठेव, असा त्याचा आशय.

डिंभे धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. त्या पाण्यावरचा ऊस तोडायला दरवर्षी बीडकडून टोळ्या येतात, बैलगाड्यांसकट, पोराबाळांसकट. पाचटाच्या कोप्या उसाच्या कडेलाच उभ्या राहतात, आणि मुलं तिथेच झोपतात, बिबट्याच्या वाटेवर. शमुएलांचं वचन या कोप्यांबद्दल आहे, आणि ते बोललेलं आहे ज्याच्या नावावर शेत आहे त्याच्याशी.